गुरुवारी अडणारी चाळणी

माझे बाबा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात फिटर होते. शहरभरच्या मोऱ्या, न्हाणीघरं, संडास यांचं पाणी शेवटी जिथे येऊन पोचतं, तिथे. केंद्रात त्यांना नावाने कुणी हाक मारायचं नाही. सगळे ‘सर्जन’ म्हणायचे, कारण गाळाचा पंप अडला की त्याचं पोट उघडायचं काम त्यांचं. पंपाच्या पात्यांभोवती केस, धागे, चिंध्या यांचा पीळ बसून मनगटाएवढा जाड दोर तयार व्हायचा. बाबा तो चाकूने कापून, उकलून बाहेर काढायचे. आठवड्यातून एकदा तरी हे ठरलेलं. कधी दोनदा. एकदा चाकू निसटून डाव्या अंगठ्याला सात टाके पडले होते, तर केंद्रातले लोक म्हणाले, “सर्जनवरच शस्त्रक्रिया झाली.”

आई इस्पितळाच्या लॉन्ड्रीत शिफ्टची प्रमुख होती. तिच्या हाताखाली नऊ बायका. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, ब्लँकेटं. मी शाळेत गणित शिकवायचे आणि अजून यांच्याकडेच राहायचे. एक घाण काढणारा, एक घाण धुणारी, आणि संध्याकाळी खडूने माखून येणारी मी. आमच्या घरात साबण किती लागायचा हे विचारू नका.

बाबांचा गणवेश आई कधीच घरातल्या कपड्यांत टाकायची नाही. त्याची बादली वेगळी, ब्रश वेगळा आणि वारही वेगळे, सोमवार आणि गुरुवार. “माझं खातं आहे ते, तुम्ही हात लावायचा नाही,” असं ती आम्हाला बजावायची. आम्हीही लावत नव्हतो. कुणाला हौस आहे?

या पंपाच्या दुखण्यावर इलाज म्हणून गाळ चाळायचं मशीन घ्यावं, असा अर्ज बाबांनी केला होता. मग दुसरा केला. चार वर्षांत सात झाले. प्रत्येक अर्जाला कापलेल्या दोराचा फोटो जोडलेला. सातव्या अर्जाच्या वेळी मोठे साहेब, म्हणजे केंद्राचे मुख्य अभियंता, म्हणाले, “सर्जन, हे फोटो बघून माझं जेवण जात नाही.” बाबा म्हणाले, “साहेब, मी तर ते हातात धरून मग जेवायला बसतो.” पुढच्याच महिन्यात मशीन मंजूर झालं. फोटोंमुळे झालं की या उत्तरामुळे, ते साहेबांनाच माहीत.

मशीन आलं तेव्हा बाबा सुट्टी असूनही गेले. मला सोबत घेऊन गेले, आणि मीही गेले, कारण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माणूस आडवा झोपला तर दोनदा मावेल एवढ्या लांबीचा पोलादी नळा होता तो. आत गोल चाळणी, तिला पाच मिलिमीटरची भोकं. चाळणीच्या पोटातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठा स्क्रू. गाळ दाबाने आत शिरायचा. पातळ गाळ भोकांतून बाहेर पडून पुढच्या टाकीकडे जायचा. चाळणीत जे अडकेल ते स्क्रू फिरून पुढे ढकलायचा. टोकाला तोंड बंद करून एक शंकू बसलेला. कचरा त्याच्यावर दाबला जाऊन निथळायचा आणि शेवटी शंकूला जरा मागे सारून घट्ट गड्डा होऊन बाहेर पडायचा.

मशीन बसवायला कंपनीने एक इंजिनिअर मुलगी पाठवली होती. माझ्याच वयाची. डोक्यावर हेल्मेट, पाठीला सॅक, खिशात सतत एक छोटी वही. पहिला गड्डा बाहेर पडला तेव्हा बाबांनी तो हातमोज्यात घेऊन वळवून वळवून पाहिला, दाबला, मग चक्क हुंगला.

“काका!” ती मुलगी ओरडली.

“अगं, काही नाही. जुन्या ओल्या पुठ्ठ्याचा येतो तेवढाच वास येतोय,” बाबा म्हणाले. “पाणीच राहिलं नाही ना आत. हे बघ, फळाच्या बिया. ही कान साफ करायची काडी. ही बाटलीच्या टोपणाची कड. हे सगळं माझ्या पंपात जायचं.”

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी आईला मशीन समजावून सांगितलं. वाटी म्हणजे चाळणी, चमचा म्हणजे स्क्रू. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छान आहे. आता ती वाटी घासून ठेवा.”

तीस दिवस मशीन नीट चाललं तर साहेब ताबा घेतल्याच्या कागदावर सही करणार होते. नाही चाललं तर कंपनी ते उचलून नेणार. पहिले काही दिवस मशीनने असं काम केलं की बाबांना करायला काही उरलंच नाही. ते नुसते त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. पंप एकदाही अडला नाही.

मग पहिल्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मशीन थांबलं. आत शिरणाऱ्या गाळाचा दाब वाढत गेला, काटा लाल पट्ट्यात गेला आणि मशीनने स्वतःच स्वतःला बंद केलं. झाकण उघडलं तर चाळणीच्या आतून करड्या रंगाचा एक थर बसलेला. लोकरीचा तुकडा चिकटवावा तसा. एकही भोक दिसेना. बाबांनी आणि त्या मुलीने मिळून तो खरवडून काढला. संध्याकाळपर्यंत मशीन परत सुरू झालं.

“पहिल्यांदा होतं असं कधीकधी,” ती मुलगी म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात परत झालं. तिने शंकूचा दाब कमी केला, स्क्रू जास्त वेळा फिरेल अशी व्यवस्था केली. तिसऱ्या आठवड्यात दाब चढायला लागला तेव्हा ती काट्याकडे बघत उभीच होती, आणि बघता बघता तो लाल पट्ट्यात गेला. मोठे साहेब स्वतः खाली आले. त्यांनी आवाज चढवला नाही. ते फक्त म्हणाले, “सर्जन, तुमच्या शब्दावर मी हे मशीन आणलं. पुढच्या आठवड्यातही असंच झालं तर मी सही करणार नाही. मुली, तुझ्या कंपनीला तसं कळव.”

ती मुलगी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत राहिली. ती लिहीत नव्हती हे बाबांना कळलं. त्यांनी तिला चहा आणून दिला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

त्या दिवशी बाबा घरी आले. मशीनच्या नोंदींचा कागद त्यांनी माझ्यापुढे टाकला. “तू गणितवाली ना? बघ काही दिसतंय का.”

मी आलेखाच्या कागदावर वीस दिवसांचा दाब मांडला. त्यात गणित असं काही नव्हतंच. शाळेतल्या सातवीच्या पोरालाही दिसलं असतं. सगळे दिवस सपाट, आणि तीन सुळके.

“बाबा, तिन्ही गुरुवार आहेत. तिन्ही वेळा अकराच्या आसपास.”

“गुरुवार?” बाबांनी कागद ओढून घेतला. “पंप अडायचा तेव्हा असं काही नव्हतं. कधी शुक्रवार, कधी रविवार.”

“पंपात दोर हळूहळू साठत असेल. तो अडायचा तेव्हा अडायचा. ही चाळणी मात्र आलं की लगेच सांगते.”

बाबांनी तिन्ही सुळक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “म्हणजे दर गुरुवारी कुणीतरी काहीतरी पाठवतंय.”

“गुरुवारी पोचतंय. पाठवत असेल बुधवारी,” मी म्हटलं. पाण्याला गावभर फिरून केंद्रापर्यंत यायला वेळ लागतो, मग गाळ टाकीच्या तळाशी बसायला रात्र जाते, आणि सकाळी तो उपसतात. हे बाबांनीच मला लहानपणी सांगितलेलं होतं.

आई मोरीत बाबांचा गणवेश धूत होती. गुरुवार होता ना. ब्रशचा आवाज मधेच थांबला. मला वाटलं, साबण संपला. पाच मिनिटांनी ती हात पुसत बाहेर आली, आमच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली आणि वाढायला घेतलं.

सकाळी चहाच्या वेळी तिने टेबलावर एक बशी ठेवली. बशीत बोटभर लांबीचं, कापसासारखं काहीतरी. फिकट निळं.

“हे काय?” बाबांनी विचारलं.

“काल तुमच्या बाहीच्या मुडपात अडकलं होतं. करडं होतं. मी साबणाने चोळलं, चार पाणी काढली, तर हा रंग निघाला.” ती खुर्चीवर बसली. “आमच्या वॉर्डातली ब्लँकेटं आहेत ही. मी डोळे मिटूनही सांगेन. वर्षभरापूर्वी नवीन आली, तेव्हापासून एवढे धागे सोडतात की विचारू नका. आणि आम्ही ती धुतो बुधवारी.”

बाबांनी कप खाली ठेवला. मग ते हसायला लागले. “अगं, सापडलं! सापडलं की! तुमच्या लॉन्ड्रीत धागे अडवायला जाळी असते ना? ती फाटली असेल. सांगून टाक, बदलून घेतील.”

“फाटली नाही. मी काढली.”

“म्हणजे?”

“आठ महिने झाले. मी माझ्या हाताने काढली आणि खिळ्याला टांगून ठेवली.”

मग तिने सगळं सांगितलं. लॉन्ड्रीतल्या धुण्याच्या मशीनचं पाणी ज्या नाल्यातून बाहेर जायचं त्याच्या तोंडाशी एक जाळी होती. नवीन ब्लँकेटं आल्यापासून ती दहा मिनिटांत भरायची. पाणी मागे यायचं आणि लादीवर घोट्याएवढं साचायचं, साबणाचं पाणी. बायका त्यातून ओल्या चादरींच्या गाड्या ढकलायच्या. एका बुधवारी इस्त्रीच्या रोलरवर काम करणाऱ्या मावशी घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दोन महिने घरी बसल्या. ज्या दिवशी त्या पडल्या त्याच संध्याकाळी आईने जाळी काढली.

“आणि परत मी ती घालणार नाही,” आई म्हणाली. “आधीच सांगून ठेवते.”

बाबांचं हसू कधीच मावळलं होतं. “चार वर्षं अर्ज लिहिले मी. सात अर्ज. मशीन जायची वेळ आली आहे, त्या पोरीची नोकरी जायची वेळ आली आहे, आणि तू माझ्या घरात बसून माझी चाळणी बुजवतेयस?”

“मला काय माहीत तुमची चाळणी बुजते? वाटी-चमचा दाखवलात तेव्हा त्यात माझे धागे होते का?”

“कुणाला विचारायचं तरी!”

“कुणाला? जाळी भरायची तेव्हा कुणी आलं होतं बघायला? आठ महिने नऊ बायकांचे पाय कोरडे ठेवलेत मी. एकही पडली नाही.”

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे भांडण लांबलं. मी शाळेला निघाले तेव्हा बाबा डबा न घेताच गेले होते. आईने तो माझ्या हातात दिला. “वाटेत देऊन जा. उपाशी राहतील आणि मग सगळ्यांवर खेकसतील.” केंद्र माझ्या वाटेवर अजिबात नव्हतं. तरी मी गेले.

शनिवारी सकाळी बाबांनी बूट घातले आणि आईला म्हणाले, “चल, मला दाखव.”

“काय?”

“तुझा नाला.”

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ते तिच्या लॉन्ड्रीत एकदाही गेले नव्हते. ती तरी त्यांच्या केंद्रात कुठे गेली होती? त्या दिवशी काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं, आणि दोन्ही हकिकती बऱ्यापैकी जुळतात. फक्त आईच्या सांगण्यात बाबा दारातच वाफेने गुदमरून खोकत बाहेर पळाले होते, आणि बाबांच्या सांगण्यात ते बाहेरचा नाला तपासायला गेले होते.

इस्त्रीच्या मावशी कामावर होत्या. त्यांनी बाबांना मनगट दाखवलं. हाड जुळलं होतं, पण हात पूर्ण वळत नव्हता. “चादर पकडता येते. बरणीचं झाकण मात्र सून उघडते,” असं त्या हसत हसत म्हणाल्या. खिळ्याला टांगलेली जाळी बाबांनी काढून हातात घेतली, नाल्याच्या तोंडाशी धरली, परत उचलली. जेवणाच्या ताटाहून मोठी नव्हती ती.

“जाळी वाईट नाही,” ते आईला म्हणाले. “लहान आहे. एवढ्याशा तोंडातून चार मशीनचं पाणी एकदम येतं, तर ती भरणारच. तू काढलीस त्यात तुझी चूक नाही.”

“मी कधी म्हटलं माझी चूक आहे?” आई म्हणाली. पण तिने त्यांच्यासाठी यंत्रातून कॉफी आणली, आणि ती पिताना दोघं नाल्याच्या कडेला उकिडवे बसून बोलत होते, असं मावशींनी नंतर मला सांगितलं. “तुझे आईबाबा लग्न ठरल्यासारखे बसले होते गं.”

त्या बसण्यातून निघालं ते असं. जाळी आत नकोच. नाला इमारतीच्या बाहेर जिथे एका चौकोनी हौदात पडतो, तिथे मोठी चाळणी बसवायची, तिरकी, दहापट पृष्ठभागाची. धागे तिथे साठतील, बाहेरच्या बाहेर काढता येतील, आतली लादी कोरडी राहील. आई लगेच म्हणाली, “आणि भरली तर? कुणी काढायला विसरलं तर?”

“तर पाणी मागे येईल.”

“मग नको.”

“अगं, पण—”

“चाळणीची वरची कड खाली घ्या. भरली तर पाणी तिच्यावरून पुढे जाऊ दे. मागे यायला नको.”

“मग त्या वेळी धागे येतील माझ्याकडे.”

“येऊ देत की थोडे. तुमचं मशीन दोन तास बंद राहिलं तर कुणाचं मनगट मोडणार नाही.”

बाबा म्हणाले, हे त्यांना उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे, पटलं म्हणून त्यांनी मान्य केलं. मला दोन्हीत फारसा फरक दिसत नाही.

चाळणी मात्र आणायची कुठून? ते कोडं त्या इंजिनिअर मुलीने सोडवलं. मशीनबरोबर एक जादा चाळणी आली होती, पण वाटेत गाडीतून उतरवताना ती चेपली होती आणि खोक्यातच पडून होती. कंपनीला ती परत नको होती. बाबांनी निळे धागे आणि माझा आलेख तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिने पहिल्यांदा वही खिशात घातली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. “काका, मी तीन आठवडे मशीनमध्ये दोष शोधतेय!” मग तिने स्वतः कंपनीला फोन लावला, लेखी परवानगी घेतली, आणि साहेबांकडूनही.

लॉन्ड्रीची परवानगी घ्यायची होती ती आईने. सोमवारी ती इस्पितळाच्या व्यवस्थापकांकडे गेली. जायच्या आधी ती आरशासमोर दोनदा उभी राहिली, आणि ती आरशासमोर कधीच उभी राहत नाही. आपण जाळी काढली, का काढली, केव्हा काढली, सगळं तिने सांगायचं ठरवलं होतं, आणि सांगितलं. व्यवस्थापकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “जाळी? तिथे जाळी होती?”

ही गोष्ट आईने आम्हाला सांगितली तेव्हा ती हसून हसून खुर्चीतून घसरायची राहिली होती. एवढी धास्ती घेऊन गेलेली बाई. तरी व्यवस्थापक माणूस बरा होता. तो उठून तिच्याबरोबर खाली आला, नाला पाहिला, मावशींचा हात पाहिला, आणि हौदाची चाळणी रोज दोनदा साफ करायचं काम कामांच्या यादीत रीतसर लिहून घेतलं. कुणाचं म्हणून लिहायचं असं विचारल्यावर मावशीच पुढे झाल्या. “माझं लिहा. दाताळ्याने ओढायचंय ना? तेवढा हात वळतो माझा.”

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी हौदापाशी गेले. चेपलेली चाळणी बाबांनी उभी कापली होती आणि अर्ध्या नळ्यासारखी हौदात तिरकी बसवली होती. ती मुलगी पोटावर आडवी पडून खालचे बोल्ट आवळत होती. आई शेजारी उभी राहून सांगत होती, “डावीकडे जरा वर आहे. तुमच्या डावीकडे नाही, माझ्या.” बाबांनी पातळी बघायची पाणसळ लावून पाहिली. खरंच वर होती. बारीक काडी मावेल एवढी.

“कसं दिसलं तुला?” बाबांनी विचारलं.

“बावीस वर्षं चादरींच्या घड्या घालतेय,” आई म्हणाली.

बुधवारी ब्लँकेटं धुतली. दुपारपर्यंत मावशींनी चाळणीवरून दाताळ्याने दोन बादल्या भरून निळे धागे ओढले. ओले, जड, गुबगुबीत. लॉन्ड्रीतल्या बायका एकेक करून ते बघायला बाहेर आल्या. इतके दिवस हे सगळं आपल्याच पायाखालून जात होतं याचं त्यांना नवल वाटत होतं. पाणी मागे आलं नाही. एकदा, तिसऱ्या खेपेला, चाळणी भरली आणि पाच मिनिटं पाणी वरच्या कडेवरून पुढे गेलं. आईने घड्याळ पाहून ती वेळ कागदावर लिहिली आणि संध्याकाळी बाबांच्या हातात दिली. “एवढे येतील. मग म्हणू नका, सांगितलं नाही.”

गुरुवारी आईने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मावशींनाही सोबत घेतलं. माझ्या शाळेला परीक्षेआधीची सुट्टी होती, मीही गेले. केंद्राच्या फाटकातून आई आत आली तेव्हा आधी ती थांबली आणि तिने दीर्घ श्वास घेतला. बाबा काळजीत पडले. तिथल्या वासाला लोक नाकं मुरडतात हे त्यांना ठाऊक होतं.

“आमच्या ब्लीचपेक्षा सोसवतो,” आई म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

मशीनसमोर बाबांनी तीन स्टुलं मांडली होती. मोठे साहेब पावणेअकराला आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. ती मुलगी काट्यासमोर. अकराला पाच कमी असताना दाब वाढायला लागला. काटा हळूहळू चढला, पिवळ्या पट्ट्यात शिरला. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने काट्याकडे.

मग आतला स्क्रू फिरायला लागला. खालच्या आवाजात घरघर झाली, शंकू किंचित मागे सरला, आणि तोंडातून एक गड्डा बाहेर आला. काळसर, त्यात एक फिकट निळी रेघ. तो खाली ठेवलेल्या ढकलगाडीत पडला. मागून दुसरा. काटा थरथरला, थांबला आणि खाली यायला लागला. सव्वाअकरा झाले तेव्हा तो हिरव्यात होता. साडेअकरालाही तिथेच.

“ती निळी रेघ म्हणजे तुझी ती पाच मिनिटं,” बाबा आईला म्हणाले.

“बघू,” म्हणून आईने हात पुढे केला. बाबांनी तिला हातमोजा दिला. तिने गड्डा उचलला, दाबून पाहिला, आणि आपल्या कामातल्या माणसाने दुसऱ्याच्या कामाला द्यावी तशी मान डोलावली. “पिळून चांगला काढतं हो. आमच्या मशीनला एवढं जमत नाही.”

साहेबांनी तिथेच, मशीनच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. त्या मुलीने पुढच्या पानावर सही करताना पेन दोनदा खाली पाडलं. मग ती बाबांच्या पाया पडायला वाकली, तर ते गडबडून मागे सरकले आणि म्हणाले, “अगं, माझ्या बुटांवर काय काय आहे ते तुला माहीत नाही का?” सगळे हसले. मग आईनेच तिला जवळ घेतलं.

आठवडाभराने ती मुलगी पुढच्या गावी गेली. अधूनमधून तिचा फोटो यायचा, कुठल्या तरी दुसऱ्या चाळणीचा. बाबा तो मोठा करून बघायचे आणि मत कळवायचे.

आमच्याकडे एक बदल मात्र कायमचा झाला. आई आणि बाबा कामावरून एकमेकांना कधी फोन करायचे नाहीत. काही अडलं तरच, आणि अडायचं क्वचित. आता दर बुधवारी दुपारी आई फोन करायला लागली. तिच्या हाताखालच्या बायका कोपरं मारून एकमेकींना खुणवायच्या. एकदा मी तिला डबा द्यायला गेले होते, तेव्हा ऐकलं. खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ करून उभी होती, आवाज अगदी हळू.

“आज सत्तर ब्लँकेटं आहेत. हो, वरच्या मजल्याची पण. दोन वाजेपर्यंत संपतील... नाही, मावशी आहेत ना. बरं, तुम्ही जेवलात?”

पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले. ती हसली, खिडकीच्या काचेवर साठलेली वाफ बोटाने पुसली आणि आणखी थोडा वेळ बोलत राहिली.